बिजिनेली रिॲक्शन: यील्ड ४० टक्क्यांवर अडकलंय, आणि टीएलसीवरचा दुसरा ठिपका कसला?

पिवळा_ठिपका

एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी मल्टिकॉम्पोनंट रिॲक्शन म्हणून बिजिनेली घेतली आहे. बेंझाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया एका भांड्यात, प्रॉडक्ट डायहायड्रोपिरिमिडिनोन. कागदावर सोपी दिसते. दोन पद्धतींनी करून पाहिली.

पहिली: बेंझाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, इथाइल ॲसिटोॲसिटेट १.३० ग्रॅम, युरिया ०.६० ग्रॅम, म्हणजे तिन्ही १० मिलिमोल. इथेनॉल १५ मिली, कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल ३ थेंब, रिफ्लक्स (कंडेन्सर लावून उकळत ठेवणं) ५ तास. गार केल्यावर १.०५ ग्रॅम पांढरे स्फटिक मिळाले, मेल्टिंग पॉइंट १९६ ते २०१. यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या मालातला हाती आलेला वाटा) जेमतेम ४० टक्के.

दुसरी: सॉल्व्हंट नाही, ॲसिड नाही. युरिया दुप्पट (१.२० ग्रॅम), ऑइल बाथ १२० अंशांवर, २ तास. पिवळट चिकट गोळा तयार झाला, त्याला कडू बदामासारखा वास होता. इथेनॉलमध्ये घोटून फिल्टर केल्यावर फिकट पिवळी पावडर मिळाली, पण ती १४८ पासून १७६ पर्यंत वितळत राहते. टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) प्लेटवर, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट १:१ मध्ये, दोन ठिपके. खालचा फक्त २५४ नॅनोमीटरखाली दिसतो, वरचा ३६५ खालीही. डीएमएसओमधल्या एनएमआरमध्ये ५.१४ ला डब्लेट (दुहेरी पीक) आहे, शिवाय ४.८६ ला एक सिंग्लेट (एकेरी पीक). डब्लेटचं क्षेत्रफळ १.०० धरलं तर सिंग्लेटचं ०.४५ येतं.

प्रश्न तीन. दुसरा ठिपका कसला? यील्ड वाढवायला एखादा नवा कॅटॅलिस्ट मागवावा का? आणि पुढे युरियाऐवजी थायोयुरिया घेऊन मोनॅस्ट्रॉल (याच कुटुंबातला, पेशींचं विभाजन थांबवणारा पदार्थ) करायचं आहे, त्यात वेगळी काळजी कोणती?

चंचुपात्र

दुसऱ्या ठिपक्याचं उत्तर तुमच्या एनएमआरमध्येच आहे. तो हान्ट्शचा डायहायड्रोपिरिडीन आहे: मधल्या कार्बनवर फिनाइल, दोन्ही बाजूंना मिथाइल आणि इथाइल एस्टर. शुद्ध असेल तर १५६ ते १५८ ला वितळतो.

तो आला कुठून? युरियातून. युरिया १३३ अंशांच्या आसपास वितळतो आणि तिथून पुढे अमोनिया सोडायला लागतो. तुमचा बाथ १२० ला होता, पण अल्डिहाइड आणि एस्टरच्या मिश्रणात तो त्याआधीच विरघळलेला असतो. अमोनियाला धरून ठेवायला आम्लही नव्हतं. मोकळा अमोनिया, एक अल्डिहाइड आणि दोन ॲसिटोॲसिटेट ही तर हान्ट्शची नेमकी सामग्री. म्हणजे एकाच फ्लास्कमध्ये दोन मल्टिकॉम्पोनंट रिॲक्शन शेजारी शेजारी चालल्या. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी कंडेन्सरच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. निळा झाला की युरिया फुटतोय.

आता हिशेब करा. १.०० ला ०.४५ म्हणजे मोलच्या भाषेत ६९ ला ३१. पण हान्ट्शच्या प्रत्येक रेणूत ॲसिटोॲसिटेटचे दोन रेणू जातात. म्हणजे १ विरुद्ध ०.९०: तुमच्या पावडरमध्ये जो एस्टर बांधला गेलाय, त्यातला ४७ टक्के चुकीच्या प्रॉडक्टमध्ये आहे. एस्टर असा दुपटीने खर्च झाला की तेवढं अल्डिहाइड जोडीदाराविना उरतं. तो कडू बदामाचा वास त्याचाच.

एनएमआर वाचताना एक फसगत टाळा. डीएमएसओमध्ये दोन्ही पदार्थांचे रिंगवरचे मिथाइल २.२५ च्या आसपास आणि ओसीएच२ ३.९८ च्या आसपास एकमेकांवर बसतात. तिथलं इंटिग्रेशन घेऊन गुणोत्तर काढलं तर आकडा काहीही येईल. गुणोत्तर काढायचं ते चौथ्या कार्बनवरच्या हायड्रोजनवरून, म्हणजे ५.१४ आणि ४.८६ वरूनच, जसं तुम्ही काढलंय. पडताळणी एनएचवरून करा: पिरिमिडिनोनचे दोन, ७.७४ आणि ९.१९, डायहायड्रोपिरिडीनचा एकच, ८.८ च्या आसपास. ५.१४ चा डब्लेट साधारण ३ हर्ट्झचा असतो, कारण शेजारी एनएच आहे. डायहायड्रोपिरिडीनमध्ये चौथ्या कार्बनशेजारी हायड्रोजन नाही, म्हणून तिथे सिंग्लेट.

आणखी एक. इथेनॉलमधून काढलेला नमुना नीट वाळवला नसेल तर इथेनॉलचा ट्रिप्लेट १.०६ ला येतो आणि प्रॉडक्टचा १.०९ ला. ट्रिप्लेट ३ ऐवजी ४ हायड्रोजनचा दिसायला लागला की लोक भलतीच रचना काढत बसतात. ३.४४ ला इथेनॉलचा सीएच२ आहे का ते आधी बघा. ३.३३ चा मोठा पीक पाण्याचा, त्याच्या पायथ्याशी तो लपतो.

वरचा ठिपका ३६५ खाली दिसतो ही खूणही त्याचीच. डायहायड्रोपिरिडीन त्या पट्ट्यात प्रकाश शोषतो, पिरिमिडिनोन शोषत नाही. क्रूड (शुद्ध न केलेला माल) हाती आल्यावर सगळ्यात आधी प्लेट ३६५ खाली धरायची सवय लावून घ्या. एनएमआरची रांग तरी वाचेल.

बुखनर_फनेल

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नवा कॅटॅलिस्ट मागवू नका. ३ थेंब म्हणजे साधारण ०.१५ मिली, बारा मोलर ॲसिडचे १.८ मिलिमोल. १० मिलिमोल अल्डिहाइडला १८ मोल टक्के झाले. आम्ल भरपूर आहे, गळती दुसरीकडे आहे. या रिॲक्शनवर 'नवा कार्यक्षम कॅटॅलिस्ट' शीर्षकाचे इतके पेपर निघालेत की एखाद्या खडूची पूड टाकली तरी पेपर होईल असं वाटतं. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कॅटॅलिस्टशिवायचा ब्लँक प्रयोगच नसतो. तुमचं कारण त्याहून साधं आहे, आणि ते तीन जागी आहे.

एक, बेंझाल्डिहाइडची बाटली. बुचाखाली, मानेपाशी पांढरे कण जमलेत का बघा. तो बेंझोइक ॲसिड. आम्ल म्हणून तो या रिॲक्शनचं काही बिघडवत नाही, पण तुम्ही १.०६ ग्रॅम वजन केलंत त्यात तोही मोजला गेला. अल्डिहाइड ८५ टक्केच असेल तर यील्डची कमाल मर्यादा पहिल्याच मिनिटाला ८५ वर आली. शिवाय तो प्रॉडक्टसोबत बसतो आणि मेल्टिंग पॉइंट खाली ओढतो. १९६ पासून सुरुवात होण्याचं कारण तेही असू शकतं; शुद्ध माल २०२ ते २०४ ला वितळतो.

स्वच्छ करायची पद्धत: २० मिली बेंझाल्डिहाइड सेपरेटिंग फनेलमध्ये घ्या, १० टक्के सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने बुडबुडे थांबेपर्यंत धुवा. फनेल हलवला की दर वेळी कॉक उघडून वायू सोडा, नाहीतर बूच उडेल. दोनदा पाण्याने धुवा. बेंझाल्डिहाइडची घनता १.०४, पाण्यापेक्षा किंचितच जास्त, त्यामुळे थर सावकाश वेगळे होतात आणि कार्बोनेटच्या द्रावणाबरोबर ते चक्क वर तरंगू शकतं. कुठला थर कुठला हे थेंबभर पाण्यात टाकून बघा, अंदाजाने फेकू नका. निर्जल मॅग्नेशियम सल्फेटवर वाळवून व्हॅक्यूममध्ये डिस्टिल करा, १० मिमी दाबाला साधारण ६२ अंशांवर येतं. साध्या दाबाला १७९ अंश लागतात आणि तेवढ्या उष्णतेत हवा लागली की पुन्हा ऑक्सिडेशन होतं. डिस्टिल केलेलं त्याच दिवशी वापरा. उरलं तर नायट्रोजन सोडून तपकिरी बाटलीत.

दोन, युरियाचं प्रमाण. एकास एक घेतल्यावर रिॲक्शन शेवटाकडे रेंगाळते. दीडपट घ्या. जादा युरिया पाण्याने धुऊन जातो, त्याची चिंता नाही. दुप्पट मात्र गरजेचं नाही.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: इथेनॉल १५ मिली. १० मिलिमोलसाठी ते फार झालं. माल त्यात विरघळून मदर लिकरसोबत (स्फटिक गाळल्यावर उरणारं द्रावण) सिंकमध्ये गेला असणार.

मी असं सुचवेन. ५० मिलीचा आरबी फ्लास्क घ्या, २५ चा नको, कारण शेवटी आतला माल घट्ट होतो आणि मॅग्नेट अडकतो. बेंझाल्डिहाइड १.०६ ग्रॅम (१.०२ मिली), इथाइल ॲसिटोॲसिटेट १.३० ग्रॅम (१.२७ मिली), युरिया ०.९० ग्रॅम, इथेनॉल ५ मिली. ढवळत असताना एचसीएल ३ थेंब. बाथ ९० ते ९५ वर, रिफ्लक्स सौम्य ठेवा. गरम झाल्यावर युरिया विरघळून द्रावण नितळ होतं. पुढे कधीतरी त्यातच पांढरा माल पडायला लागतो. तो दिसला म्हणून थांबू नका, एकूण ४ तास द्या. माल पडल्यावर ढवळणं बंद पडलं तर बंपिंग होतं, म्हणजे द्रव अचानक उसळतो, तिथे लक्ष असू द्या.

मग बाथ काढा, तासभर सावकाश गार होऊ द्या, नंतर अर्धा तास बर्फात. बुखनरवर घ्या. फ्लास्कमध्ये चिकटलेला माल ताज्या इथेनॉलने नाही, गाळलेल्या मदर लिकरनेच हलवून काढा. बर्फात गार केलेल्या ५० टक्के इथेनॉलने दोनदा, प्रत्येकी ३ मिली. शेवटी १० मिली पाणी, युरियासाठी. ६० ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मदर लिकर फेकू नका. निम्मं आटवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसरं पीक (स्फटिकांचा दुसरा हप्ता) येतं.

दोन पथ्यं. इथाइल एस्टर असेल तर सॉल्व्हंट इथेनॉलच हवा. मेथनॉल किंवा मेथनॉल मिसळलेलं डिनेचर्ड स्पिरिट वापरलं तर आम्लात ट्रान्सएस्टरिफिकेशन होऊन ३.५ ते ३.६ ला ओसीएच३ चा छोटा सिंग्लेट डोकं वर काढतो. आणि घरगुती मायक्रोवेव्हमध्ये इथेनॉल घालून ही रिॲक्शन करायच्या भानगडीत पडू नका. त्यात तापमान कळत नाही, वाफेला बंदिस्त जागा मिळते आणि ठिणगीला निमित्त लागत नाही.

पिवळा_ठिपका

बाटलीच्या मानेवर पांढरे कण खरंच होते. कार्बोनेटने तिसऱ्या धुण्यापर्यंत बुडबुडे येत राहिले. डिस्टिल करून वरच्याच प्रमाणाने केली: पहिलं पीक १.९८ ग्रॅम, २०२ ते २०४. दुसरं पीक ०.२१ ग्रॅम, १९७ ते २००. एकूण ८४ टक्के. ३६५ खाली प्लेट कोरी.

दोन शंका. काही पद्धतींत रिॲक्शन झाल्यावर सगळं बर्फाच्या चुऱ्यावर ओतायला सांगतात, तसं केलं तर यील्ड आणखी वाढेल का? आणि व्हायव्हात मेकॅनिझम विचारतील. कुठे अल्डिहाइड आधी युरियाशी जुळतं असं दिलंय, कुठे ॲसिटोॲसिटेटशी.

ऊर्ध्वपातन

बर्फावर ओतलं की वजन वाढतं, यील्ड वाढेलच असं नाही. पाण्यात न विरघळणारं सगळंच खाली बसतं: उरलेलं अल्डिहाइड, एस्टर, हान्ट्श असेल तर तोही. ते तेलकट होऊन स्फटिकांना वेढतात आणि मग दोनदा रीक्रिस्टलायझेशन करावं लागतं. आधी फ्लास्कमध्येच गार करून गाळा आणि मदर लिकरवर काय करायचं ते करा.

दुसऱ्या पिकाचा ०.२१ ग्रॅम पहिल्यात मिसळू नका. वेगळं नोंदवा, गरम इथेनॉलमधून एकदा काढा, मगच बेरीज करा. आणि मेल्टिंग पॉइंट जुळला म्हणून पदार्थ जुळला असं या कुटुंबात होत नाही. बेंझिन रिंगवर काहीही लावा, बरेचसे भाऊबंद २०० ते २१५ च्या पट्ट्यातच वितळतात. शंका आली तर खात्रीच्या नमुन्याशी मिसळून मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट घ्या. तो खाली आला, तर पदार्थ वेगळा.

मेकॅनिझमचा इतिहास थोडक्यात. पिएत्रो बिजिनेली यांची रिॲक्शन १८९१-९३ ची. १९३३ मध्ये फोकर्स आणि जॉन्सन यांनी अल्डिहाइड आणि दोन युरियांचा बिसयुराइड मधला टप्पा मानला. १९७३ मध्ये स्वीट आणि फिसेकिस यांनी आधी अल्डिहाइड आणि ॲसिटोॲसिटेट जुळतात, त्यातून कार्बोकॅटायन होतो असं मांडलं. १९९७ मध्ये कापे यांनी एनएमआरने अभ्यास करून एन-असाइलिमिनियमचा मार्ग मांडला, आणि आम्लातल्या रिॲक्शनसाठी आज बहुतेक तोच शिकवला जातो. अल्डिहाइडवर युरिया चढतो, आम्ल पाणी काढतं, एन-असाइलिमिनियम आयन तयार होतो, ॲसिटोॲसिटेटचा ईनॉल त्यावर हल्ला करतो, उघडी साखळी मिळते. तिचा दुसरा एनएच२ किटोनवर वळून रिंग बंद होते आणि पाण्याचा आणखी एक रेणू जातो.

यातून युरिया जादा का घ्यायचा तेही समजतं: अल्डिहाइडला आधी युरिया भेटायला हवा. पण ॲसिटोॲसिटेट कमी पडलं तर त्या आयनवर दुसरा युरिया बसून बिसयुराइड होतो. तोही पांढरा, तोही सहज गाळता येतो, म्हणून धोका. एनएमआरमध्ये फिनाइल आणि एनएच दिसले पण इथाइलचे ट्रिप्लेट-क्वार्टेट गायब असतील, तर ते तुमचं प्रॉडक्ट नाही.

ॲटम इकॉनॉमीही विचारतात, म्हणजे घातलेल्या वस्तुमानातलं किती प्रॉडक्टमध्ये उतरतं. १०६.१२, १३०.१४ आणि ६०.०६ यांची बेरीज २९६.३२; प्रॉडक्ट २६०.२९. फरक ३६.०३, म्हणजे पाण्याचे दोन रेणू. ८७.८ टक्के. चौथा कार्बन कायरल आहे, पण माल रेसिमिक आहे, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखी दोन्ही रूपं त्यात निम्मी निम्मी. 'ऑप्टिकल रोटेशन किती आलं' असं विचारून फसवतात.

वायनळी

बर्फाच्या बाबतीत वरच्यांशी अर्धाच सहमत. युरियासाठी ठीक, थायोयुरियासाठी नाही. थायोवाले पदार्थ इथेनॉलमध्ये जास्त विरघळतात आणि पुष्कळदा गार करूनही काहीच पडत नाही. तिथे निम्मं इथेनॉल आटवून, ढवळत, थेंबथेंब बर्फाचं पाणी घालावंच लागतं. मात्र एकदम ओतलं तर तेल होतं हे खरं. गढूळपणा आला की थांबा, काचेच्या कांडीने फ्लास्कची भिंत खरवडा, आधीचा कणभर माल असेल तर टाका, स्फटिक सुरू झाले की उरलेलं पाणी घाला.

मोनॅस्ट्रॉलसाठी: ३-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइड १.२२ ग्रॅम, इथाइल ॲसिटोॲसिटेट १.३० ग्रॅम, थायोयुरिया ०.९१ ग्रॅम (१२ मिलिमोल), इथेनॉल ५ मिली, एचसीएल ४ थेंब. थायोयुरिया मंद आहे. ४ तासांत होईल अशी आशा धरू नका, ८ ते १० तास लागतील. अल्डिहाइडचा ठिपका जाईपर्यंत दर दोन तासांनी प्लेट लावा. फेरिक क्लोराइड इथे कॅटॅलिस्ट म्हणून नको. युरिया आणि साध्या बेंझाल्डिहाइडला ते चालतं, पण इथे फिनॉलचा ओएच आहे, लोखंडाशी मिळून जांभळट काळा रंग येतो आणि तो रंग धुवून काढण्यातच माल जातो. एनएमआरमध्ये एनएच ९.६ आणि १०.३ ला सरकतात, ओएच ९.४ च्या आसपास, चौथ्या कार्बनचा हायड्रोजन ५.१ लाच. ९.२ आणि ७.७ ला काही दिसलं तर थायोयुरियाच्या जागी चुकून युरिया घेतलाय का, बाटली बघा. हसू नका, दोन्ही पांढरे खडे शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

थायोयुरिया कॅन्सरकारक असल्याचा संशय आहे. वजन करताना ग्लोव्ह्ज आणि मास्क घाला, सांडलेलं ओल्या टिश्यूने टिपा, झाडू नका. मोनॅस्ट्रॉलही पेशींचं विभाजन थांबवणारा पदार्थ आहे, तो ईजी५ नावाच्या मोटर प्रोटीनला रोखतो. नुसता प्रोजेक्टचा पांढरा माल समजून उघड्या हाताने कुटू नका.

पुढे अल्डिहाइड बदलून मालिका करणार असाल तर दोन खड्डे आधीच सांगतो. सॅलिसिलाल्डिहाइड घेतलंत तर ऑर्थोचा ओएच सहाव्या कार्बनवर चढतो आणि ऑक्सिजनच्या पुलाचा ट्रायसायक्लिक पदार्थ मिळतो. वस्तुमान तेवढंच, म्हणून मास स्पेक्ट्रम गप्प राहतो. मिथाइलचा सिंग्लेट २.२ वरून १.७ च्या आसपास गेला की समजा. दुसरा, ४-डायमिथाइलअमिनोबेंझाल्डिहाइड: १० मिलिमोल अमाइन तुमचं १.८ मिलिमोल आम्ल गिळून बसतं आणि रिॲक्शन ढिम्म हलत नाही. तिथे आम्ल अमाइनच्या मोलइतकं धरून वर थोडं जास्त घाला आणि शेवटी गाळण्याआधी सोडियम बायकार्बोनेटने उदासीन करा, नाहीतर प्रॉडक्टचा हायड्रोक्लोराइड पाण्यात विरघळून जातो.

पिवळा_ठिपका

सॅलिसिलाल्डिहाइड यादीत होतं, काढतो. दुसऱ्या प्रयोगातली मिश्र पावडर अजून आहे, साधारण दीड ग्रॅम. कॉलम न लावता वेगळी होईल का?

चंचुपात्र

होईल. हान्ट्शचा एस्टर डायइथाइल ईथरमध्ये बऱ्यापैकी विरघळतो, पिरिमिडिनोन जवळपास नाही. १५ मिली ईथरमध्ये दहा मिनिटं ढवळा, गाळा, पुन्हा १० मिलीने. ज्योत, हॉटप्लेट सगळं बंद. वर राहिलेली पावडर इथेनॉलमधून काढा. ईथर उडवल्यावर पिवळा माल मिळेल, तो थोड्या इथेनॉलमधून. दोन्हींची प्लेट शेजारी शेजारी लावून ३६५ खाली बघा. पिवळा १५६ ला वितळला तर टाकून देऊ नका, छोट्या बाटलीत भरून नाव घालून ठेवा. पुढच्या प्रत्येक क्रूडशेजारी प्लेटवर लावायला तोच स्टँडर्ड.